नागठाण्याच्या पुढे पडणारा काटा

काटा तीनवर होता आणि माझी नजर काट्यावर. वाई सोडून अर्धा तास झाला होता. प्रेशर गेज मी काचेच्या बाहेर वायपरला तारेनं बांधला होता, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून आत इंजिनाकडं गेलेली. गाडी छायावहिनी चालवत होत्या. मागची सीट काढून तिथं स्ट्रॉबेरीचे क्रेट रचले होते, आणि गाडीभर असा वास सुटला होता की भूक लागावी. मला मात्र त्या दिवशी भूक नव्हती.

"मिस्त्री, आज बी बंद पडली तर?"

"पडू दे. त्यासाठीच बसलोय."

"तुमचं काय जातंय! दोनच्या आत माल सांगलीत न्हाई टेकला, तर अण्णा उद्यापास्नं दुसऱ्याचा घेणार हाईत. तोंडावर सांगितलंय."

अण्णा म्हणजे सांगलीचे फळांचे व्यापारी. माणूस सरळ, पण मऊ पडलेली स्ट्रॉबेरी हातात धरत नाही. दोनदा वहिनींचा माल उन्हात गाडीत अडकून मऊ पडला होता. नवरा फौजेत, उत्तरेला कुठंतरी. महाबळेश्वराकडचं अर्धा एकर रान, त्यातली लावणी, तोडणी, विक्री, सगळं ह्या बाईच्या अंगावर. अण्णांनी हात वर केले असते तर भर हंगामात माल कुणाच्या गळ्यात मारायचा?

आणि गाडी बंद पडत होती ती माझ्यामुळं. निदान तोवर मला तसं वाटत होतं.

माझं गॅरेज उंब्रजला, सर्व्हिस रोडवर. आषाढात ही गाडी माझ्याकडं आली तेव्हा तिचं जुनं कार्बोरेटरचं इंजिन पार संपलं होतं. त्याच जातीच्या नव्या मॉडेलचं इंजेक्शनचं इंजिन मी बसवलं, आरटीओत नोंदही करून घेतली. कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी भागतं. इंजेक्शनला ते दाबानं लागतं, तीन बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साधारण दीडपट. म्हणून टाकी जुनीच ठेवून तिच्याशेजारी खालून एक इलेक्ट्रिक पंप बसवला. पंप लागतं त्याहून जास्त पेट्रोल पुढं ढकलतो, आणि रेग्युलेटर नावाची एक चिमुकली वस्तू जादाचं पेट्रोल रिटर्नच्या नळीनं टाकीत परत सोडते. एवढंच शास्त्र.

पावसाळाभर गाडी गावात फिरली, काही तक्रार नाही. हंगाम सुरू झाला, सांगलीच्या फेऱ्या लागल्या, आणि नागठाण्याच्या पुढं गाडी धक्के देऊन बंद. अर्ध्या तासानं आपोआप चालू! मी पोचेपर्यंत बया शहाण्यासारखी उभी.

पहिल्या वेळी फिल्टर बदलला. दुसऱ्या वेळी पंपच बदलला, नवाकोरा. दर वेळी कॅनमधून पेट्रोल ओतून कराडपर्यंत जाऊन यायचो, काटा तीनवरून हलायचा नाही. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं माझं चाललं होतं, पण ते कळायला तिसरी वेळ यावी लागली.

तेव्हा मी गाडी गॅरेजात ठेवून घ्यायचं सोडलं आणि वहिनींना प्रश्न विचारले. हे मी आधीच करायला हवं होतं.

"पेट्रोल कुठं भरता?"

"वाईत. घाट उतरला की टाकी फुल्ल करते."

"आणि बंद कवा पडते?"

"भरल्यापास्नं तासाभरानं. रस्त्यात दोनदा भरून बघितलं, तर फेरी बिनघोर झाली. देवाची करणी म्हणायची."

देवाची करणी मी मानतो, पण ती घड्याळ लावून होत नाही. पेट्रोल भरलं की तासभर ठीक, मग बंद. गावातल्या फेऱ्या लहान. कराडची माझी फेरी अर्ध्या तासाची. म्हणजे रोगाला तास लागत होता आणि मी त्याला वेळच देत नव्हतो. म्हणून त्या दिवशी सकाळची एसटी धरून वाईला आलो आणि माल भरलेल्या गाडीत गेज बांधून बसलो.

सातारा मागं पडला. काटा तीन. नागठाणं आलं. काटा पावणेतीन. मी पुढं सरकून बसलो. खरं सांगतो, आनंद झाला मला. डोळ्यांसमोर रोग दिसायला लागला की मिस्त्रीला जे वाटतं ते पेशंटच्या नातेवाइकांना सांगण्यासारखं नसतं. अडीच. दोन. मागून पंपाची किणकिण ऐकू यायला लागली.

"हसताय काय मिस्त्री? बंद पडतीया की ही!"

"बाजूला घ्या. इंजिन चालूच राहू दे, किल्ली काढू नका."

काटा दीडवर, इंजिन धापा टाकतंय. खाली वाकून पंपाची वायर मीटरनं तपासली. करंट पूर्ण होता. मग पुढं येऊन बॉनेट उचललं आणि गेजवर नजर ठेवून रिटर्नची रबरी नळी पकडीनं क्षणभर दाबली. रेग्युलेटर गळत असता तर परतीची वाट बंद झाल्यावर काटा उसळला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे पंप रिकामा ओढत होता. टाकी भरलेली, आणि पंपाला पेट्रोल मिळेना!

गाडीखाली आडवा झालो. टाकीचा पत्रा पाहिला आणि चाटच पडलो. फुगीर असायला हवा तो पत्रा चार बोटं आत गेलेला, उपाशी माणसाच्या पोटासारखा.

"वैनी, टाकीची चावी द्या!"

झाकण अर्धं फिरवलं असेल नसेल, 'फुस्स' करून हवा आत घुसली, टाकीनं 'टण्ण' आवाज केला आणि इंजिन सुरळीत चालायला लागलं. मी धावत पुढं आलो. काटा तीनवर.

गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल यायला आणि दुसऱ्यातून हवा जायला. एकच पाडलं की तेल अडखळतं. ह्या जुन्या टाकीला हवा घ्यायचं बारीक भोक झाकणात असतं. मी झाकण उलटं केलं. आत बरोब्बर मापाची एक काळी चकती चिकटवलेली. काळ्यावर काळी, कंपनीचा वॉशर वाटावी अशी. गाडी उभी राहिली की तिच्या कडेनं हवा हळूहळू आत झिरपत असणार, म्हणून अर्ध्या तासानं आपोआप चालू.

"हे काय?"

"मल्चिंग पेपर." वहिनी शांतपणे म्हणाल्या. "वाफ्यावर प्लास्टिकचा पेपर अंथरून रोप लावायला गोल भोकं पाडतो न्हवं, त्यातली टिकली हाय. लय बेस बसली."

"पण लावली कशापाई?"

"आवं, तुमीच सांगितलं हुतं! पेट्रोलात पाण्याचा एक थेंब जरी गेला तर इंजिनाचं मला सांगायला येऊ नका म्हनून. आमच्याकडचा पाऊस तुमाला ठावं हाय. झाकणाला भोक दिसलं, बुजवलं."

सांगितलं होतं मी. गाडी ताब्यात देताना, ऐटीत, बोट वर करून. शेतातला सगळा प्लास्टिक कागद पावसापासून काही ना काही वाचवायलाच असतो, हे त्या बाईला ठाऊक. तिनं माझा शब्द पाळला होता, तो नको तितका पाळला गेला.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ते झाकण मी माझ्या हातानं चार वेळा काढलं होतं, टपावर ठेवलं होतं, पुन्हा लावलं होतं. उलटं करून एकदाही पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर धडधाकट पंप काढून नवा घातला होता.

"भोक कशाला असतंय ते बी सांगायचं हुतं की मग," वहिनी म्हणाल्या. चिडून नाही, नुसतंच. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टिकली खिशात घातली. "चला. अजून वेळ आहे."

उंब्रज आलं तरी मी उतरलो नाही. काटा तीनवर राहतोय हे सांगलीपर्यंत बघायचं होतं, आणि खरं तर त्यांना एकटं सोडायला लाज वाटत होती. दोनला वीस मिनिटं असताना अण्णांच्या दारात गाडी लागली. अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं, मग मधल्याच एका क्रेटमधून एक फळ उचलून अंगठ्यानं दाबलं, हुंगलं.

"घट्ट हाय. उद्या दहा क्रेट जास्ती आणा."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. रडू पुसलं की घाम, ते मी बघायला गेलो नाही. येताना एसटीनं आलो.

हल्ली गाडी देताना गिऱ्हाइकाला मी बोट वर करून सांगत नाही. काय करू नका ते सांगतो आणि का ते सांगतो. दोन मिनिटं जास्त जातात. आणि बंद पडलेली गाडी आली की आधी टाकीचं झाकण काढून उलटं करतो. पोरं हसतात, हसू देत. छायावहिनींचा काढलेला पंप अजून फळीवर आहे, एकदम ठणठणीत. तो मी कुणाला विकत नाही.