खंडेनवमीचा व्हिडिओ कॉल

आमच्या घरात इंग्रजी मला येतं आणि बोलणं पप्पांना. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायचं असलं की आम्ही दोघं मिळून एक माणूस होतो. पप्पा कोल्हापुरीत ओरडतात, मी त्याचं हळू आवाजात इंग्रजी करते, आणि पलीकडून 'जरा मोठ्यानं बोलाल का' अशी विनंती येते.

शिरोली एमआयडीसीत पप्पांचं लहानसं वर्कशॉप आहे. शेजारच्या फौंड्रीत ओतलेली पंपाची कव्हरं आमच्याकडे येतात. ती मशिनवर कातायची, भोकं पाडायची आणि पुढं पाठवायची, एवढंच काम. इतकी वर्षं ती फार तर पुण्यापर्यंत जायची. मग जर्मनीतल्या एका कंपनीनं विचारणा केली. त्या भरवशावर पप्पांनी संगणकावर चालणारं नवं सीएनसी मशिन घेतलं आणि ते चालवायला माझा चुलतभाऊ पुण्यातली नोकरी सोडून परत आला. नमुने पसंत पडले. राहिलं होतं ते इतकंच, की त्या कंपनीतल्या तपासणी करणाऱ्या बाईंना काम चालू असताना स्वतः बघायचं होतं, व्हिडिओ कॉलवर. त्यांनी होकार दिला तर दोन पाळ्या लागणार होत्या. नाही दिला तर नवं मशिन आणि चुलतभाऊ, दोघंही बसून राहणार होते.

शाळेत असताना मी जागतिकीकरणावरच्या निबंधाशेजारी पृथ्वीचा गोल काढून भोवती बाण काढले होते. आमच्याकडे प्रत्यक्षात आलेलं जागतिकीकरण म्हणजे खांबाला सुतळीनं बांधलेला माझा मोबाईल.

कॉलचा दिवस ठरवताना बाईंनी तीन आठवड्यांनंतरचा बुधवार सुचवला. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत 'चालतंय की' म्हणायची पप्पांना सवय आहे. ते म्हणाले, मी 'येस' म्हटलं, बुधवार पक्का झाला.

मंगळवारी जेवताना आईनं विचारलं, "उद्या खंडेनवमी. वर्कशॉपला झेंडू किती न्यायचा?"

पप्पांचा घास हातातच राहिला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. मशिन धुऊन-पुसून हळदकुंकू वाहायचं, हार घालायचा आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तारीख पप्पांना पाठ होती, तिथीही पाठ होती. दोन्ही एकाच दिवशी येतात हे तेवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आयत्या वेळी दिवस बदला म्हणायची त्यांना लाज वाटत होती. "कॉल दुपारचा हाय. कॉल झाल्यावर पूजा करू," असं त्यांनी ठरवलं. फक्त हे मिस्त्रींना सांगायचं राहून गेलं.

मिस्त्री वर्कशॉपमधले सगळ्यांत जुने. बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा त्यांची पूजा आटोपली होती. नव्या मशिनला गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार, वर रंगीत दिव्यांची माळ.

"हार काढा," पप्पा म्हणाले.

"काढतो की. उद्या."

"अवो, जर्मनीची बाई बघणार हाय!"

"बघू दे की. मग सजवलंय कशाला?"

"चालू करून दाखवायचंय मिस्त्री!"

"दादा, पूजा झालीया. आता बसलंय त्ये. बसल्याला उठवता काय?"

पप्पांनी आशेनं चुलतभावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडं बघू नका काका. मी पुण्यात पण आजच्या दिवशी हात लावत न्हवतो."

तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला. पप्पा माझ्या कानात म्हणाले, "लाईट गेलीया म्हण."

मी कॉल घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात मला मी दिसत होते. माझ्यामागं रंगीत दिवे उघडमीट करत होते आणि पंख्याच्या वाऱ्यानं हार हलत होता. चष्मा लावलेल्या, पिकल्या केसांच्या बाई समोर आल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "तुमच्यामागचे दिवे फार छान आहेत."

लाईट जाण्याचा प्रश्न तिथंच मिटला.

मी खरं सांगून टाकलं. प्रामाणिकपणाचा आव आणत नाही, दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, आज आम्ही मशिनांचे आभार मानतो, म्हणून त्यांना रजा असते.

बाईंनी विचारलं, "पगारी?"

त्यांचा चेहरा इतका स्थिर होता, की हा विनोद आहे की चौकशी, तेच मला कळेना. मी घाबरून 'येस' म्हटलं.

त्यांना अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. उद्या याच वेळी जमेल का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे आमच्याकडे दसऱ्याची दुपार, साडेतीन. दसऱ्याला सकाळी मशिन सुरू करून माणसं घरी जातात, कारण संध्याकाळी सोनं लुटायला दसरा चौकात जायचं असतं. बाईंचं म्हणणं मी पप्पांना मराठीत सांगितलं. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पप्पांनी तोंड उघडलं. त्यातून कोणते दोन शब्द बाहेर पडणार, हे मला माहीत होतं.

"पप्पा, थांबा," मी म्हटलं आणि त्यांना न विचारता बाईंकडे वळले. उद्या आमच्या सकाळी अकराला जमेल का? तुमच्याकडे तेव्हा साडेसात.

"साडेसातला मी ऑफिसात नसते."

"घरून केलंत तरी चालेल."

हे मीच बोलले याचं बाईंपेक्षा मला जास्त आश्चर्य वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ठीक आहे म्हणाल्या.

कॉल संपल्यावर पप्पा म्हणाले, "तू जर्मनीच्या बाईला पहाटं उठवतीस?"

"उठू दे की," मिस्त्री म्हणाले. "त्यांच्या नाताळात आपण न्हाय थांबनार?"

दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटला, हार उतरला, मशिन सुरू झालं. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. केस ओले, हातात कप, मागून एक मांजर चालत गेलं. चुलतभावानं कव्हर कातून काढलं. कॅमेऱ्यासमोर त्याची मापं घेतली. एक माप बाईंनी परत घ्यायला लावलं. त्यानं ते परत घेतलं. मग त्यांनी मान हलवली: पहिला माल पाठवा.

मी मराठीत सांगायच्या आतच सगळ्यांना कळलं. पप्पांनी पेढा उचलून कॅमेऱ्यापुढं धरला.

बाईंची एक अट मात्र होती. मशिनच्या उरलेल्या रजाही त्यांना आधी कळायला हव्या होत्या.

"ह्यो एकच दिवस, सांग," पप्पा म्हणाले.

"आनि पेठांच्या फुटबॉलची फायनल?" मिस्त्री मागून ओरडले. "त्या दिवशी पेठेतली कोन येनार हाय कामाला?"

मी तेही सांगितलं. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच हलला. त्यांच्या गावात म्हणे दोन क्लब आहेत, आणि नदीपलीकडच्या क्लबच्या माणसाला त्यांच्या घरी कॉफी मिळत नाही. मिस्त्री सगळ्यांना बाजूला सारून मोबाईलपुढं आले. आपल्या शिवाजी पेठेबद्दल ते बराच वेळ बोलले, ते मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मग ते शेजारच्या पेठेच्या संघाबद्दल बोलायला लागले.

ते मात्र मी भाषांतरित केलं नाही. माल अजून पोचायचा होता.