कुटुंबाचा न्हाय

“तुमच्या कुटुंबाचा आरोग्य विमा आहे का?” मी विचारलं.

“न्हाय,” बाळारामकाका म्हणाले. मी ‘नाही’वर खूण केली. मान वर केली, तर त्यांच्यामागे खिळ्याला गोडाऊनच्या गेटपाससोबत सरकारी योजनेचं आरोग्य कार्ड लटकत होतं.

साल २००९ असेल. मी एका सर्व्हे कंपनीत फील्ड सुपरवायझर होते. मोठ्या सर्व्हेआधी आम्ही प्रश्नांचीच परीक्षा घेतो. त्याला प्रीटेस्ट म्हणतात. आधी प्रश्न विचारायचा, मग समोरच्याला त्यातून काय कळलं ते काढून घ्यायचं. यात माणूस नापास होत नाही, प्रश्न होतो.

राहनाळच्या एका गोडाऊनवर काका वॉचमन होते, तिथल्याच खोलीत राहायचे. मी कार्डाकडे बोट दाखवलं आणि मग ‘नाही’ का म्हणालात, असं विचारलं.

“ते माझं हाय. तुमी कुटुंबाचं इचारलंत ना? तिचं नाव त्यावर न्हाय. फोटो काडले त्या दिशी ती लेकीकडं अकलोलीला गेलती.”

आत त्यांची बायको, यमुनाबाई, तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन कार्डावर फुकट झालं असतं, पण कार्डावर नाव नव्हतं.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. काकांच्या पिढीत कुटुंब म्हणजे बायको. आम्ही ऑफिसात एसीत बसून ‘फॅमिली’चं ‘कुटुंब’ केलं आणि आपल्या मराठीवर खूश झालो. मला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी कर्णिक सरांना फोन केला. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, पक्के दादरचे.

“अगं, कुटुंब म्हणजे कुटुंब. साधा शब्द आहे.”

“सर, तुमचे आजोबा कुटुंब कोणाला म्हणायचे?”

“आजीला,” सर म्हणाले. “बरं, मग फॅमिली लिही. सोमवारी फॉर्म छापायला जातोय.”

दुसऱ्या दिवशी ‘फॅमिली’ घेऊन टेमघरला गेले. शिफ्ट सुटल्यावर कापडाच्या लूमवरचे कामगार इस्तियाकभाई खोलीवर भेटले. शेजारी त्यांचा सख्खा भाऊ भात शिजवत होता, दोन पुतणे कांदा चिरत होते.

“फॅमिली तो गाँव में है, मॅडम,” ते म्हणाले. “इधर तो हम अकेले हैं।”

म्हणजे तोही शब्द बाद. मग मात्र मी हट्टाला पेटले. रविवारी सुट्टी न घेता प्रश्न नव्याने लिहिला. एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांची नावं आधी लिहायची. मग एकेकाचं नाव घेऊन विचारायचं, “यांचं नाव कुठल्या आरोग्य कार्डावर किंवा पॉलिसीवर आहे का?”

तो घेऊन त्याच दिवशी पुन्हा राहनाळला गेले. काकांचं नाव घेतलं, ते ‘हाय’ म्हणाले. यमुनाबाईंचं नाव घेतलं, तर काकांच्या आधी आतूनच उत्तर आलं. “न्हाय.”

सोमवारी सकाळी मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. सर वैतागले. एका प्रश्नाच्या जागी सहा-सात होणार, इंटरव्ह्यू लांबणार.

“मग मिक्सर, पंखा, टीव्ही आहे का, ते प्रश्न काढा,” मी म्हटलं. “कार्डासाठी फोटो काढायचा कॅम्प पुन्हा घ्यायचा की नाही, हे क्लायंट याच सर्व्हेवरून ठरवणार आहे. घराला मिळून एकच हो-नाही लिहिलं, तर कोण राहिलंय ते कळणारच नाही.”

सरांनी पेन उचललं आणि मिक्सरवर काट मारली. टीव्ही मात्र सोडला नाही.

सर्व्हे झाला. राहिलेली नावं कागदावर दिसली, त्यांत बायकाच जास्त. राहनाळला पुन्हा कॅम्प लागला.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले, तेव्हा यमुनाबाई ओट्यावर तांदूळच निवडत होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“तूच व्हय ती? आवाजावरनं मला वाटलेलं, चांगली जाडजूड असशील.”

आमच्या धंद्यात लोक चुकीची उत्तरं देतात म्हणून फार ओरड असते. बाळारामकाकांनी पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं.