ओट्यावरची उत्तरं

सुमन गेल्याची बातमी तिच्या भावानं आणली. कनेरगाव नाक्याहून निघून, हिंगोलीला गाडी बदलून तो आमच्या गावी, डोंगरकड्याला आला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "मावशी, ताई गेली. आज अकरा दिवस झाले." काविळीनं गेली. महिनाभर डोळे पिवळे होते, अन्न जात नव्हतं, तरी बाई फिरतीवर होती. मी विचारलं, "काहून सांगितलं न्हाई तिनं कोणाला?" तो म्हणाला, "इचारलं की म्हणायची, बरं हाय." मला रडू आलं नाही, राग आला. गावोगावच्या बायकांना ‘बरं हाय’ म्हणू नका, खरं सांगा, असं बजावत फिरणारी बाई ती... तो राग अजून गेलेला नाही. पण तिनं काय काम केलं ते आमच्या भागात फार कोणाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. त्या कामामुळं मी जिवंत आहे, आणि त्याच कामात मी तिच्याशी खोटं बोलले, हेही लिहिते.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली मला कॅन्सर निघाला. गर्भाशयाच्या तोंडाला. पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती आणि पुन्हा रक्त जाऊ लागलं, त्यावरून कळलं. लांबच्या शहरातल्या दवाखान्यात मला किरण दिले. जड दाराच्या खोलीत एकटीला निजवायचे, पोटावर जांभळ्या शाईनं चौकट आखायचे, ती पुसू नये म्हणून पाच आठवडे पोटाला पाणी लावू द्यायचे नाहीत. आम्ही बायका त्याला शेक म्हणायचो. शेकानं रोग गेला, मी घरी आले, कामाला लागले. तिथल्या डॉक्टरांना मात्र पुढचं जाणून घ्यायचं होतं. शेक घेतलेल्या बायकांपैकी कोण जगलं, आणि जगलेल्यांच्या अंगात शेकानं मागं काय तकलीफ ठेवली. त्यावरून पुढच्या बायकांना शेक किती आणि कसा द्यायचा ते ठरणार होतं. घरी गेलेली बाई दवाखान्यात परत जात नाही, पत्राला उत्तर देत नाही. म्हणून त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या एका नर्सला आमच्या शोधात पाठवलं. ती सुमन. कनेरगाव नाक्याच्या बौद्ध घरातली, बाप रस्त्याच्या कामावर मजूर. पस्तिशीची, उंच, पांढऱ्या लुगड्यातली, चालायला चपळ. इतकी वर्षं शहरात काढूनही तिचं बोलणं आपल्याकडचंच राहिलं होतं.

पहिल्या साली ती आली तेव्हा ती कोणाची कोण हे गावाला अर्ध्या तासात कळलं. मी तिला ओट्यावर पोतं टाकून बसवलं आणि ओंजळीत वरून पाणी ओतलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. ओट्यावर माझे धाकटे दीर तंबाखू मळत बसलेले, शेजारचे दोघं उगाच टेकलेले. सुमन हळू आवाजात विचारायची आणि दीर ते मोठ्यानं पुन्हा विचारायचे. "वैनी, परसाकडला काई तकलीफ हाय का म्हणून राहिली बाई. सांगा की." तीन-तीन गड्यांसमोर कोणती बाई सांगेल? मी म्हटलं, "समदं बरं हाय." तिनं लिहिलं. चौथीपर्यंत शिकले आहे, उलटं अक्षरही लागतं. तिनं ‘तक्रार नाही’ असं लिहिलं होतं. त्या साली ते बऱ्यापैकी खरंही होतं.

दुसऱ्या साली ते खोटं होतं. दिवाळीनंतर मला परसाकडला रक्त जाऊ लागलं. आमच्या लेखी रक्ताचा अर्थ एकच, रोग परत आला. सांगितलं तर पुन्हा ते जड दार, ती खोली. आणि दुसरी गोष्ट, ज्या डॉक्टरनं मरणातून ओढून काढलं त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुझ्या औषधाचं काही खरं नाही? सुमन आली, पुन्हा त्याच ओट्यावर बसली, पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, बरं हाय. तिनं माझी खालची पापणी ओढून पाहिली. "मावशी, डोळे पांढरे पडून राहिले तुमचे. खरं सांगा." दीर म्हणाले, "उन्हातान्हाची राबती ती, दुसरं काय." तिनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ‘तक्रार नाही’ लिहून निघून गेली.

तिसरं साल नसबंदीचं, गडी धरून नेत होते ते. पांढऱ्या लुगड्यातली बाई स्टँडवर उतरली, ही खबर तिच्या आधी गावात पोचली आणि गडीमाणूस म्हणून औषधाला उरला नाही. माझे दीर साठीला टेकलेले, सहा लेकरांचे बाप, त्यांना कोण नेणार होतं? पण तेही तुरीत जाऊन बसले. सुमन ओट्याशी आली तर ओटा रिकामा. "मावशी, गाव कुठं गेलं?" "तुला भिऊन तुरीत बसलं." ती इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. "माझ्या पिशवीत नुसते कागद हायेत, सांगा त्याहिला." तोवर माझी दशा अशी झाली होती की दारात उभं राहवत नव्हतं. बसायला मी आत वळले, आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मी म्हटलं, "ये आत." यात माझा काही मोठेपणा नाही. गल्लीत कोणी बघणारं नव्हतं आणि मला उभं राहता येत नव्हतं, एवढंच.

ती चपला काढून चुलीपाशी आली आणि ज्वारीच्या कणगीला पाठ लावून बसली. कागद काढला नाही. म्हणाली, "मावशी, मला मूळव्याध हाय. नर्स असून दोन वरसं कोणाला बोलले न्हाई. गाडीत जागा मिळाली तरी हिंगोली ते वसमत उभ्यानं जायची. लोकं म्हणायचे, बाई लई शिस्तीची हाय." मला हसू आलं. हसता हसता माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. किती दिवसांपासून, किती फडकी, कसं रात्रीतून धुवून वाळवते. मी म्हटलं, "रोग परत आलाय, मला ठावं हाय. सुनेला घरातलं समदं दाखवून ठेवलंय. तू फक्त लिहू नको." ती म्हणाली, "रोगच हाय असं कशावरून? शेक गर्भपिशवीला देतात, पण आतडं त्याला लागूनच असतं, ते बी भाजतं. कधी कधी वरसा-दोन वरसानं त्यातून रक्त जातं. तपासल्याबिगर मी काई म्हणत न्हाई... पण तुमी मरायची लई घाई करून राहिल्या."

दुसऱ्या दिवशी तिनं मला दवाखान्यात नेलं. तपासलं, रोग नव्हता. आतडंच भाजलेलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं, औषधं दिली, काय खायचं काय नाही ते सांगितलं. रक्त थांबायला पुढं बरेच महिने लागले, पण थांबलं. तपासायच्या खोलीत मी पलंगावर होते आणि डॉक्टरांच्या टेबलावर सुमनच्या कागदांचा गठ्ठा होता. जवळपास सगळ्यांवर ‘तक्रार नाही’. त्यावरून शेक बायकांना नीट सोसतो, असं ते लिहायच्या बेतात होते. सुमन म्हणाली, "साहेब, ही ओट्यावरची उत्तरं हायेत." त्यांना समजलं नाही. ते शहरातले, भले गृहस्थ, पण त्यांना कोणी कधी ओट्यावर बसवलं नसणार. तिनं सांगितलं. आपल्याला घरात घेत नाहीत, बाहेर गडी बसलेले असतात, त्यांच्यासमोर बायका बरं आहे म्हणतात. "माझे समदे कागद रद्द करा. मला आत बसून पुन्हा इचारू द्या." डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचं दोन वर्षांचं काम आहे हे." ती म्हणाली, "माझंच हाय, म्हणून तर सांगून राहिले."

मग ती माझ्यापाशी आली. "मावशी, तुमी चला संगं. तुमची जात आत जाती. तिच्या मागनं मी जाईन." इतकं उघड मला कोणी कधी बोललं नव्हतं. मला राग आला, आणि खरं होतं म्हणून जास्त आला. घरी दीर म्हणाले, "वैनी, एकदा घरात घेतली ते घेतली, आता तिच्या मागं गावं हिंडणार?" मी म्हटलं, "भाऊजी, तुमी तुरीत होते तवा ती इथं होती." ते तीन दिवस बोलले नाहीत. घर शांत होतं.

दोन हिवाळे आम्ही फिरलो. मी पुढं, ती मागं. घराघरांत चुलीपाशी बसून ती आधी स्वतःची मूळव्याध सांगायची. मला ती गोष्ट पाठ झाली होती आणि दर गावाला थोडी वाढायची. मग बायका बोलायच्या. कोणाची लघवी थांबत नव्हती, म्हणून दोन वर्षांत लग्नाकार्याला गेली नव्हती. कोणाला नवऱ्याजवळ जाणं सोसत नव्हतं आणि त्यानं दुसरी आणली होती. जवळजवळ प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीलाच झालंय आणि रोगच परत आलाय. सुमन लिहून घ्यायची आणि ज्यांना नेता येईल त्यांना दवाखान्यात न्यायची.

वसमतकडच्या एका घरी मात्र सासरा दारात आडवा उभा राहिला. मला म्हणाला, "तुमी या बाई आत. ती भाईर बसंल." त्याची सून मागं उभी होती, तोंड पिठासारखं पांढरं. सुमननं मला डोळ्यानं खूण केली, जा. मी नाही गेले. दोघी आत जाऊ, नाही तर एकही नाही, असं मी म्हटलं. मला त्या वेळी फार शहाणपण आल्यासारखं वाटलं होतं. सासरा म्हणाला, "मंग एकबी नगं." आम्ही परत फिरलो. स्टँडवर गाडीची वाट बघताना सुमन म्हणाली, "मला भाईर बसायची सवय हाय, मावशी. तुमी आत जायला पायजे होतं." दोन महिन्यांनी ती सून गेली. रोगानं गेली की नुसतं रक्त जाऊन गेली, हे कोणाला कळलं नाही. ज्या हट्टाचा मला अभिमान वाटला तो मी सुमनसाठी धरला होता, आणि किंमत तिसरीनंच दिली. सुमननं पुन्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तिच्या दिवसांच्या कार्याला, पुण्यानुमोदनाला, कनेरगाव नाक्याला जाऊन आले. पंगतीला बसले, जेवले. गावात दोन दिवस कुजबुज झाली, मग थांबली. डॉक्टरांचं पत्र आलं. सुमनच्या कागदांवरून त्यांनी शेक द्यायची रीत बदलली आहे, आतडं वाचवायला बघतात. नव्या बायकांना फरक पडला का, ते विचारूनच कळेल, आणि जमलं तर तुम्ही विचाराल का, असं त्यांनी लिहिलं होतं.

मागच्या आठवड्यात मी एकटी गेले, नव्या रीतीनं शेक घेतलेल्या एका सुनेकडं. वसमतच्या बाजूलाच, हळद शिजवण्याचे दिवस, अंगणभर वाफ. दारात सासू होती. म्हणाली, "बरं हाय तिचं." मी काही न बोलता तिच्या शेजारून आत गेले. सुमनची एक रीत होती. विचारून झालं की ती बाईच्या तोंडाकडं बघत नसे. घरात दिसेल ते सूप ओढायची आणि धान्यातले खडे वेचत बसायची, मान खाली. आम्ही निघाल्यावर तिचा हात लागलेल्या त्या धान्याचं घरच्यांनी काय केलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. पण बघणारं कोणी नसलं की बाई बोलते, हे तिला ठाऊक होतं. मी माझं रक्ताचं सगळं सांगितलं, कोपऱ्यातलं सूप पुढ्यात घेतलं आणि मान खाली घातली. गप्प बसणं मला जमत नाही, तिला जमायचं... तरी बसले. बराच वेळ नुसती बाहेरच्या भट्टीची लाकडं तडतडत होती. मग ती सून बोलायला लागली. तिचं बोलून होईपर्यंत माझी तुरीची डाळ दोनदा निवडून झाली.