पोहऱ्याचा दोर

नातसुनेनं आज ओला वाखाचा दोर वळचणीला वाळत टाकला आणि त्याच्या वासानं मी थेट साठ वर्षांमागच्या पासलीला, माझ्या सासरगावी, जाऊन पोचले.

भर दुपारी शेजारचा गोठा पेटला होता. आग कुठंही लागो, आत शिरणार आमचेच मालक. ते बैलं सोडायला निघाले तशी मी विहिरीवरून धावत आले आणि पोहरा सोडून त्याचा दोर त्यांच्या कमरेला बांधला. दोर ओलाचिंब होता, सहज जळणार नव्हता. गडी हसले, "कारभाऱ्याला दावं लावलं बघा!"

बैलं बाहेर आली, मालक आले नाहीत. माझ्या हातातला दोर सरकायचा थांबला.

"वढ गं!" थोरल्या जाऊबाई ओरडल्या. रोज पाणी शेंदतो तसा आम्ही दोघींनी हातावर हात टाकत दोर ओढला. मालक उंबऱ्यावरून फरफटत, खोकत बाहेर आले.

"हळू वढायचं की, पाठ सोलली!"

गाव म्हणालं, नशीब थोर. तेव्हा मीही मान डोलावली. आज मऊ पडलेले तळहात बघून हसू येतं. नशीब कसलं? उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी पार तळाला जायचं, आणि ते रोज आम्हीच वर आणत होतो.