फिनलंडचा व्याही आणि माझं डेरिव्हेटिव्ह

लेकीनं फिनलंडचा मुलगा पसंत केला तेव्हा मी आडवा आलो नाही. धास्ती एकाच गोष्टीची होती. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, त्याच्या घरी कोणी जास्त बोलत नाही." अन् आमची पोर झोपेतही बोलणारी!

लग्नासाठी व्याही आमच्या महाल भागातल्या घरी उतरले. तीन दिवसांत एकदाच बोलले, "थँक यू." तेही पाटवडीच्या रश्श्याला. बायकोनं मला कोपऱ्यात ओढलं. "अहो, व्याही रुसून राहिले का? मानपानात काही चुकलं काय आपलं?" असल्या घरात पोर दिवस काढणार कसे?

मी चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. कुठून तरी सुरुवात करावी म्हणून शब्दकोशातून डेरिव्हेटिव्हचा फिनिश शब्द शोधला, घोकला, अन् चहा देता देता व्याह्यांवर फेकला, "योहदान्नाइनेन!"

व्याही ताडकन उभे राहिले. ते औषधांच्या कारखान्यातले रसायनवाले. पेपरच्या कोपऱ्यावर षटकोन काढला, त्याला एक फांदी जोडली. लेकीनं उलगडून सांगितलं: एका पदार्थातून दुसरा तयार केला, की तो योहदान्नाइनेन. जावई बँकेतला, तोही धावत आला. शेअरच्या भावावर बेतलेला सौदा, त्यालाही तेच नाव. लेक म्हणाली, "बाबा, शब्दापासून दुसरा शब्द निघतो ना, त्यालेही हेच म्हणतात."

"अन् माझं? वक्ररेषेचा उतार?"

लेकीनं जीभ चावली. "तुमचं वेगळं आहे बाबा. देरिवात्ता."

घ्या! मांडव माझा, अन् पंगतीतून उठवलं मलाच! सगळ्या दुनियेला एक शब्द पुरतो, गणितवाल्यानं तेवढी वेगळी चूल मांडायची. मी तणतणत आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. कागदावर वक्ररेषा, तिला टेकलेली स्पर्शिका, खाली सोडवलेलं गणित. चुकलेलं. साफ चुकलेलं! मी लाल पेन काढला. त्यांनी मुकाट्यानं दुसरं मांडलं. जेवणाची पानं वाढेपर्यंत आमची सहा गणितं झाली.

बायको डोकावली. "आता तुम्हीही काहून गप बसून राहिले?"

"अवं, थांब ना जरा! रंगात आलो आहे."

लग्न झालं, मंडळी गेली. महिन्याभरानं लेकीचा फोन आला. मी आधी तेच विचारलं, "सासरे बोलतात का गं?"

"नाही. पण दर रविवारी वही घेऊन येतात. मुद्दाम चुकवून राहिले वाटते. मी लाल पेननं तपासते."

"अन् तेव्हाही बोलत नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोलत होते बाबा, मले शिकवताना?"

मी फोन बायकोच्या हातात दिला. टेबलावरचा लाल पेन उचलून खिशाला लावला.