नेतानीचा डावा कान

नेतानीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे फिजीतल्या आमच्या वाइनिबोका गावात तिघांनाच ठाऊक होतं: तो स्वतः, त्याची बायको वासिती आणि मी. त्याची आई होती तोवर चौघं होतो. नवव्या वर्षी त्याला ताप भरला, कान वाहू लागला, आणि नदीला पूर आल्यामुळे पाच दिवस दवाखाना गाठता आला नाही. ताप उतरला, कान गेला. मी तेव्हा इथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. डावीकडून हाक मारली की हा वळतच नाही, हे माझ्या ध्यानात आलं. मग मी त्याला डाव्या भिंतीला लागून बसवलं. भिंत एका बाजूला, सगळा वर्ग दुसऱ्या बाजूला.

रग्बीतही त्याने हेच केलं. सात जणांच्या खेळात तो कायम डाव्या टोकाला उभा राहायचा. त्याच्या डावीकडे चुन्याची रेघ, आणि रेघ काही हाका मारत नाही. उजवीकडे बाकीचे सहा. कुणाला कधी संशय आला नाही.

आणि धावायचा कसा! मी पंचवीस वर्षं पोरांना धावताना बघितलंय. नेतानी पळू लागला की पायांचा आवाजच यायचा नाही. नदीकाठच्या तंबाखूच्या वाफ्यांमधून तो घरी पळत निघाला, तर एका पानाला धक्का लागायचा नाही. एकोणतिसाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप झाल्यावर, सिंगातोकाच्या एका गावठी स्पर्धेत निवड समितीच्या माणसाने त्याला पाहिलं. पंधरा दिवसांत रेडिओवर नाव आलं: जगभरच्या स्पर्धांना जाणाऱ्या फिजीच्या संघात वाइनिबोकाचा नेतानी रावुवाले.

त्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, कानाचं कुणी विचारलं तर?"

"मला कोण विचारतंय?" मी म्हणालो.

"आणि मला विचारलं तर?"

सराव कधीपासून, ते मी विचारलं. आमच्या गावातून आजवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं. मला ते सुख हवं होतं, खरं सांगतो.

त्या स्पर्धांचे पहिले दोन मुक्काम झकास गेले. जानेवारीत न्यूझीलंडमध्ये उपांत्य सामना होता. आम्ही सगळे देवळाशेजारच्या सभागृहात चटयांवर टीव्हीसमोर. उत्तरार्धात उजव्या टोकाचा खेळाडू पाय मुरगळून बाहेर गेला. कॅप्टन कालिवातीने बोट दाखवलं: नेतानी, तिकडे जा. वासितीने माझा हात घट्ट धरला. तो गेला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आपण दोन गुणांनी मागे होतो, शेवटचं मिनिट. चेंडू नेतानीकडे आला आणि तो सुटला. समोर एकच माणूस उरला होता. डावीकडून कालिवाती मोकळा धावत आला, हात पसरून, तोंड फाडून ओरडत. नुसता पास दिला असता तरी ट्राय झाला असता, पाच गुण मिळाले असते. नेतानीने मान वळवली नाही. समोरच्याने त्याला कमरेत धरून आडवा केला, चेंडू निसटला, सामना गेला.

दुसऱ्या दिवसापासून सगळा देश एकच गोष्ट बोलत होता. रेडिओवर लोक फोन करून सांगत होते, हा माणूस स्वार्थी आहे, याला एकट्याला नाव हवं. बसच्या ड्रायव्हरने मला विचारलं, "मास्तर, तुमचाच ना तो? शाळेत वाटून खायला नाही शिकवलंत वाटतं?"

शनिवारी वासिती सिंगातोकाच्या बाजारात दालोचे कंद विकायला बसली होती. शेजारी भाजी घेऊन बसलेली लुसियाना, जिची जीभ कधी आत नसते, मोठ्याने म्हणाली, "काय गं, कॅप्टन एवढा बोंबलत होता, तुझा नवरा बहिरा आहे का?"

सगळा बाजार हसला. वासितीने हातातला कंद खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "डाव्या कानाने. नवव्या वर्षापासून. आता हसा."

लुसियाना उठली, वासितीसमोर जमिनीवर बसली आणि तिचे पाय धरून रडायला लागली. पण गोष्ट बाहेर पडली ती पडलीच. दुपारच्या बसआधी ती समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर, संघाच्या तळावर पोचली.

नेतानीने पळ काढला नाही. त्याने मला निरोप पाठवला आणि मी गेलो. क्षमा मागायच्या आमच्या रीतीने, यांगोना या पेयाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवून तो प्रशिक्षक, कॅप्टन आणि सगळ्या संघासमोर मांडी घालून बसला. मान खाली. मी त्याच्या मागे बसलो.

"मी लपवलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुम्ही हरलात. क्षमा करा आणि मला घरी पाठवा."

"मीही लपवलं," मी म्हणालो.

मग प्रशिक्षकाने जुडीला हात लावला, तीन टाळ्या वाजवल्या. क्षमा झाली. राहायचं की जायचं, हे मात्र तो बोलला नाही. त्याने कालिवातीकडे पाहिलं.

कालिवाती ताव्हेउनी बेटावरचा, धिप्पाड; तिकडचे लोक आमच्याकडच्यांना चेष्टेने मेव्हणा म्हणतात. "मेव्हण्या," तो म्हणाला, "मी तेव्हा काय ओरडत होतो ते ऐकलं नाहीस, बरं झालं. तुझ्या सात पिढ्या काढत होतो." सगळे हसले. नेतानी नाही हसला. मग कालिवाती त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि सावकाश म्हणाला, "पण मला एक सांग. चाळीस हजार माणसं किंचाळत असतात, तेव्हा आम्हाला तरी कुठे एकमेकांचं ऐकू येतं? आम्ही नुसतं समजतो, ऐकू आलं. उद्यापासून कुणी बोलायचं नाही. जो बोलेल तो टेकडी एकदा जास्त चढेल."

प्रशिक्षक हसला. "पहिला तूच चढशील."

आणि तसंच झालं, पहिल्या दिवशी कालिवाती अकरा वेळा चढला. पण तीन आठवडे ते सातजण, आणि राखीव पाच, तोंड मिटून खेळले. मी एका शनिवारी बघायला गेलो. नुसता श्वास आणि वाळूचा चुरचुर आवाज. खांदा एवढासा कलला की चेंडू कुठे जाणार ते कळायचं. पाठीवर दोन बोटं टेकली की दोघं जागा बदलायचे. प्रत्येकजण प्रत्येकाकडे सतत बघत होता. आपल्या माणसाकडे एवढं लक्षपूर्वक बघणारी माणसं मी देवळातसुद्धा पाहिली नव्हती.

लॉस एंजेलिसच्या मुक्कामाचा अंतिम सामना आमच्याकडे सोमवारी दुपारी होता. शाळा बंदच होती, ती कुणी बंद केली हे विचारू नका. समोर दक्षिण आफ्रिका. नेतानी उजव्या टोकाला उभा होता, त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. समालोचक पुन्हापुन्हा म्हणत होता की फिजीच्या खेळाडूंचे ओठ हलताना दिसत नाहीत, हे काय चाललंय?

आम्हाला माहीत होतं काय चाललंय. सभागृहात दीडशे माणसं होती आणि हळूहळू तीही गप्प झाली. लहान मुलंसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं.

बरोबरी होती, घड्याळ संपलेलं, शेवटचा चेंडू. नेतानी उजव्या रेघेवरून सुटला. दोघं त्याच्यावर चालून आले. त्याने एकदा, पापणी लवण्याइतकंच, डावीकडे पाहिलं. मग समोर बघतच, पडता पडता, पाठीमागून चेंडू सोडला. त्या जागी तेव्हा कुणी नव्हतं, मी शपथेवर सांगतो. पुढच्या क्षणी कालिवाती तिथे होता. चेंडू घेऊन तो खांबांच्या मधोमध जाऊन पडला: ट्राय, आणि सामना आपला.

आम्ही ओरडलो नाही. वासितीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. म्हातारे पाद्री उभे राहिले आणि त्यांनी स्तोत्राची पहिली ओळ धरली, मग कोपऱ्यातल्या बायकांनी दुसरा सूर, मग पुरुषांनी खालचा. त्या दिवशी छप्पर थरथरताना मी पाहिलं.

त्या हंगामात आपण एकूण गुणांत दुसरे आलो. नेतानी उरलेले सगळे मुक्काम खेळला, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा गडी आला. नेतानीने स्वतः जाऊन त्याला टेकडीवरची वाट दाखवली. आता तो तंबाखू लावतो, रविवारी स्तोत्रं म्हणतो, दर नाताळला कालिवाती बायकापोरांसकट येऊन त्याच्याकडे पंधरा दिवस राहतो आणि घरातला सगळा दालो संपवतो.

गेल्या नाताळात मी त्या दोघांना नदीकाठी बसलेलं पाहिलं. तासभर तरी. दोघं एक शब्द बोलले नाहीत, आणि मध्येच एकदम, कशावरून कोण जाणे, दोघंही पोट धरून हसायला लागले.