दादाचा उजवा कान

माझा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. मेसोपोटेमियात तो कायम तोफेच्या डाव्या अंगाला उभा असे. शहाद्याला परतला तेव्हा उजव्या कानाने त्याला काही ऐकू येत नव्हतं. अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज फेटाळला गेला. कान लहानपणी वाहून बिघडला असावा, लढाईशी संबंध नाही, असा शेरा आला.

त्या शेऱ्याने दादा दुखावला. खोटारडा ठरवलं, एवढंच त्याच्या मनाला लागलं होतं. मी लोणखेड्याला मास्तर होतो, म्हणून अपिलाचं काम माझ्याकडे आलं. ओळखीचे एक वकील म्हणाले, "दोन्ही कान गेले म्हणून सांगा. बाजू भक्कम होईल."

"डावा कान चांगला शे," दादा म्हणाला. "खोटं काब्र सांगू?"

मीही त्याला गळ घातली. तो उठून कापसाच्या शेतात निघून गेला.

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानाचा पडदा शाबूत असल्याचं लिहून दिलं. तरी पुण्याच्या वैद्यकीय मंडळापुढे जावंच लागलं. दादाला अहिराणीच येत असल्याने दुभाषा म्हणून मला आत घेतलं. मंडळातल्या वयस्क सर्जननी दोन दांड्यांचा एक पोलादी काटा गुडघ्यावर आपटला आणि तो गुणगुणत असतानाच दादाच्या कपाळावर मधोमध टेकवला. आवाज कोणत्या कानात येतो, हे मी त्याला डाव्या बाजूने विचारलं.

"डावामा वाजस. उजवामा काहीच नही."

पुन्हा तपासलं, पुन्हा तेच उत्तर. सर्जन सोबत्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "कान वाहून बिघडला असता, तर आवाज उजवीकडेच मोठा आला असता. याची आतली नस गेली आहे, आणि पडद्यावर जुन्या दुखण्याची खूण नाही. हे तोफेचंच काम." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "यांचा चांगला कान होता म्हणून हे कळलं. दोन्ही गेले म्हणाले असते, तर मी काय ताडून पाहणार होतो?"

बाहेर आल्यावर दादाने विचारलं, "काय बोलनात साहेब?"

मी सगळं सांगितलं. त्याने फेटा नीट केला आणि चहा प्यायला चल म्हणाला.

अपील मंजूर झालं. निकाल मी घरी आईसमोर मोठ्याने वाचला. 'लष्करी सेवेमुळे' हे शब्द आले तेव्हा दादाने मला थांबवलं आणि ते आईला पुन्हा ऐकवायला लावले. असा भाऊ आपला आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की पुढच्या ओळी मी आणखी मोठ्याने वाचल्या.